टाके घालू की गोंद लावू?

डॉक्टरांनी “टाके घालू की गोंद लावू?” असं विचारलं आणि तू “ताईला विचारून सांगते” म्हणून उठून आलीस. डॉक्टर हसले असतील, हसू देत. इतकी वर्षं डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात उभं राहून ट्रे मांडले, धाकट्या बहिणीला चार गोष्टी सांगायचा हक्क तेवढ्यावर मिळतोच. फक्त मी नर्स आहे गं, डॉक्टर नाही. तुझा डोळा त्यांनी भिंगाखाली पाहिलाय, मी फोनवरच्या फोटोत. तेव्हा मी सांगते ते पदराला गाठ मारून त्यांच्याकडे परत जा आणि तोंड उघडून विचार. तुला तिथं गप्प बसायची सवय आहे, म्हणून आधीच बजावते.

शेजारच्या काकू म्हणतात गोंद पाण्यानं सुटतो. दीर म्हणतात टाके आता कुणी घालतच नाही. सासूबाई म्हणतात डोळ्याला सुरी लावूच नये, मध घालावा. सगळ्यांचं ऐकून घे, मान डोलव, पण डोळ्यात मध घालू नकोस. मधानं ते मांस विरघळत नाही. कसल्याच थेंबानं विरघळत नाही. थेंबांनी लाली उतरते, चुरचूर थांबते, एवढंच.

तुझ्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं बुबुळावर सरकत आलेला तो गुलाबी त्रिकोण आहे ना, त्याला कोणी वेल म्हणतं, कोणी नाखुना, डॉक्टर कागदावर टेरिजियम लिहितात. हा कॅन्सर नाही. मोतीबिंदूही नाही, मोतीबिंदू आत भिंगात होतो, हे बाहेर पृष्ठभागावर आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जी पातळ पारदर्शक त्वचा असते, तीच जाड होऊन, रक्तवाहिन्या घेऊन बुबुळावर चढते. कारण काय, तर मुख्यतः ऊन, आणि त्यात वारा-धुळीची भर. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण चाळीस अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा आजार जास्त दिसतो आणि आपला अख्खा देश त्या पट्ट्यात येतो.

तू म्हणालीस, “मलाच का?” अगं, तुलाच कसलं! नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी २००६ ते २००८ या काळात तिथून जवळच्या शेतकरी खेड्यांमध्ये तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले होते. शंभरातल्या जवळजवळ तेरा जणांना हे मांस होतं, आणि सत्तरी ओलांडलेल्यांत तर चौघांत एकाला. आपल्या टोकावड्यात कुणी असं मोजलेलं नाही, पण आपलं वर्षच बघ ना. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे डोक्यावर ऊन आणि तोंडावर धग. पावसात आवणीला वाकलं की उघाड पडल्यावर वरून ऊन आणि खालून पाण्यावरून परतणारं ऊन. दिवाळीनंतर झोडणीचं कुसपट. मधल्या वेळेला भेंडी-काकडी. या सगळ्यात काळा चष्मा घातलेली बाई तू माळशेजच्या रस्त्यावरच्या पर्यटकांत पाहिली असशील, शेतात नाही.

ऑपरेशन करायचंच का, हे आधी. छोटं मांस, कडेला बसलेलं, वर्षानुवर्षं न हललेलं असेल तर त्याला डिवचू नये, असंच मी सांगितलं असतं. पण तुझं ते बाहुलीच्या दिशेनं सरकतंय. शिवाय चष्म्याचा तिरका नंबर वाढलाय, कारण ते मांस बुबुळाला ओढतं आणि बुबुळाची गोलाई बिघडवतं. म्हणून डॉक्टर करू या म्हणताहेत, आणि मला ते पटतंय. बाहुलीवर पूर्ण चढेपर्यंत थांबलं तर काढल्यावरही बुबुळावर धुरकट डाग राहतो आणि तो डाग नेमका पाहण्याच्या वाटेत येतो.

आता ऐक, कारण गोंद-टाक्यांच्या आधीचा हा प्रश्न तुझ्या गावात एकानंही काढलेला नाही. मांस काढल्यावर तिथं जी उघडी जागा राहते तिच्यावर काय ठेवणार? पूर्वी काहीच ठेवत नसत. मांस खरवडून काढायचं, जागा उघडी सोडायची, पट्टी बांधायची. पाच-दहा मिनिटांचं काम. आणि मग ते परत यायचं, कुठल्या अहवालात चौथाई रुग्णांना, कुठल्या अहवालात निम्म्याहून जास्त रुग्णांना. परत आलेलं मांस पहिल्यापेक्षा दांडगं असतं, लाल, जाड, आणि दुसऱ्यांदा काढायला अवघड. १९८५ साली अमेरिकेतल्या केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालच्या पांढऱ्या भागावरून पातळ त्वचेचा तुकडा घेऊन त्या उघड्या जागेवर बसवला, तर मांस परत यायचं प्रमाण शंभरात पाच-सहावर येतं. राबातलं रोप उपटून खाचरात आवतो तसंच हे, वाफाही आपला आणि खाचरही आपलंच. म्हणून शरीर त्याला परकं मानत नाही. जिथून तुकडा घेतला ती जागा काही दिवसांत आपोआप भरून येते, तिला काही लावावंही लागत नाही.

तेव्हा डॉक्टरांना तुझा पहिला प्रश्न हा, “साहेब, माझ्याच डोळ्यातला तुकडा बसवणार ना?” उत्तर हो आलं तर मग गोंद की टाके हे बोलू. उत्तर “नुसतं काढून टाकू” असं आलं, तर गोंद फुकट मिळत असला तरी तिथं करू नकोस. स्वस्तात, झटपट, शिबिरात पाच मिनिटांत काढून देतो म्हणणारे भेटतात. आमच्याकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेले रुग्ण बरेचसे अशा पाच मिनिटांतलेच असायचे.

आणि याच्याबरोबरचं दुसरं, जे तू सांगायला विसरशील याची मला खात्री आहे. आपल्या आईला काचबिंदू होता, ते डॉक्टरांना सांग. का सांगू? काचबिंदूचं ऑपरेशन कधी करावं लागलं तर ते वरच्या पापणीखालच्या त्याच जागेवर करतात, तिथली त्वचा शाबूत लागते. घरात काचबिंदू आहे म्हटल्यावर डॉक्टर तुकडा वरून न घेता खालून घेण्याचा विचार करतील. दुसरं म्हणजे ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे थेंब महिना-दीड महिना घालावे लागतात आणि काचबिंदूच्या घराण्यातल्या माणसाचा डोळ्यातला दाब त्या थेंबांनी चढण्याची शक्यता जास्त असते. दाब चढला तर दुखत नाही, कळत नाही. यंत्रावर तपासला तरच समजतो. म्हणून दर तपासणीला “दाब बघितला का?” हे विचारायचं.

आता तुकडा जागेवर धरून कसा ठेवायचा, ते.

टाक्यांची पद्धत जुनी आणि भरवशाची. सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक धाग्यानं तुकड्याच्या कडा शिवतात. धागा दोन तऱ्हेचा असतो. एक विरघळणारा, तो काही आठवड्यांत आपसूक जातो. दुसरा नायलॉनचा, तो काढायला परत जावं लागतं. टोकावड्याहून एसटीनं मुरबाड, मुरबाडहून कल्याण, तिथून पुढे, म्हणजे एका टाके-काढणीचा अख्खा दिवस आणि मजुरी बुडाली. म्हणून टाके घालायचे ठरले तर विरघळणारे का, हे विचारून घे. टाक्यांचा त्रास म्हणजे खुपणं. पापणी मिटली की टोकं घासतात, डोळ्यातून पाणी गळतं, वाळूचा कण गेल्यासारखं आठवडाभर, कधी दोन आठवडे वाटत राहतं. काहींना टाक्याभोवती लाल फोडासारखी गाठ येते, ती औषधानं किंवा छोट्या उपचारानं जाते. पण तुकडा मात्र पक्का बसतो. चुकून हात लागला, पोरानं डोक्यानं धडक दिली, तरी तो सहसा हलत नाही.

गोंद म्हणजे काय हे पाहुण्यांना नीट सांग, कारण “डोळ्यात फेविकॉल घालणार का” असं ते म्हणाले म्हणे. आपल्याला कापलं की रक्त गोठतं ना, त्या गोठण्याची शेवटची पायरी बाटलीत भरलेली आहे. एका नळीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन. दोन्ही डोळ्यावर एकत्र आली की काही क्षणांत फायब्रिनची पातळ जाळी तयार होते आणि तुकडा चिकटतो. डॉक्टर कडा दाबून काही मिनिटं थांबतात, पापणी उघडमीट करून तुकडा सरकत नाही ना हे पाहतात. दहा-पंधरा दिवसांत तो गोंद शरीरात जिरून जातो आणि तोवर तुकड्यानं स्वतःची मुळं धरलेली असतात. खुपणारी टोकं नाहीत, काढायला काही नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी गोंदवाला रुग्ण आणि टाकेवाला रुग्ण शेजारी बसले की कोणता कोण, हे मी चेहऱ्यावरून ओळखायचे.

हा गोंद माणसांच्या रक्तद्रवापासून बनतो. तुला माळ आहे, तुझ्या मनात येईलच, म्हणून सांगते. अनेक दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून, तपासून, विषाणू मारायची प्रक्रिया करून तो बनवतात. काही संचांत गुरांपासून मिळवलेला एक घटकही असतो. रक्तातून होणाऱ्या आजाराचा धोका फार फार कमी आहे, पण अजिबात नाही असं कुणी लिहून देत नाही. तुला यातलं काही मनाला पटत नसेल तर तसं सांगायला लाजू नकोस, टाके आहेतच. बाहेरून टिसील नावाचा संच येतो, आणि आपल्याकडे रबाळ्याला, ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचा रिलिसील मिळतो. संचाला काही हजार रुपये पडतात. थंड जागी ठेवावा लागतो, आणि एकदा कालवला की चार तासांच्या आत वापरावा लागतो. म्हणूनच सगळीकडे तो हाताशी नसतो. गोंद हवा असेल तर ऑपरेशनच्या तारखेआधीच सांगून ठेवावं लागतं.

तर चांगलं कोणतं? २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या चौदा चाचण्या एकत्र करून हेच तपासलं. गोंद वापरलेल्यांत मांस परत यायचं प्रमाण टाकेवाल्यांच्या जवळपास निम्मं निघालं. ऑपरेशनला सरासरी सतरा मिनिटं कमी लागली. पण तुकडा सुटणं, आक्रसणं, गाठ येणं अशा गुंतागुंती गोंदवाल्यांत जवळजवळ दुप्पट निघाल्या. पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी त्याआधी, २००५ मध्ये, आपल्या रुग्णांचा जो हिशेब मांडला होता त्यात गोंदानंतर शंभरात पाच आणि टाक्यांनंतर शंभरात तेरा-चौदा जणांना मांस परत आलं होतं. म्हणजे परत येण्याच्या बाबतीत गोंद सरस, दुखण्याच्या बाबतीत तर नक्कीच सरस, आणि सुटण्याच्या बाबतीत टाके सरस. पाण्यानं सुटतो हे काकूंचं म्हणणं अगदीच हवेत नाही, फक्त दोष पाण्याचा नसतो. सुटतो तो चोळल्यानं, आणि पहिल्या काही दिवसांत.

म्हणून मी तुला तुझ्याकडे बघून सांगते, आकड्यांकडे बघून नाही. तू झोपेत डोळे चोळतेस. लहानपणापासून. सर्दी झाली की उलट्या हातानं डोळा रगडतेस. पहिले दहा दिवस रात्री प्लास्टिकची वाटी, म्हणजे डोळ्यावरचं झाकण, चिकटपट्टीनं बसवून झोपणार असशील तर गोंद घे. चुलीपुढे बसणार नसशील तर गोंद घे. “दोन दिवस झाले, आता बरं वाटतंय” म्हणून गोठ्यात शिरणार असशील तर टाके घाल आणि खुपणं सोस. गोंदाची खरी गंमत हीच आहे की दुखत नाही, म्हणून माणूस विसरतो. टाके खुपतात आणि आठवण करून देतात. माझं मत विचारशील तर, गोंद. पण एका अटीवर, तुझ्या डॉक्टरांचा हात गोंदावर बसलेला असला पाहिजे. टाक्यांत मुरलेल्या हातानं घातलेले टाके हे नवशिक्या हातानं लावलेल्या गोंदापेक्षा केव्हाही चांगले. “साहेब, तुम्ही नेहमी कोणतं करता?” असं सरळ विचार. चांगला डॉक्टर रागावत नाही.

पैशांचं अडतं म्हणून टाके घ्यावे लागले तरी कमीपणा मानू नकोस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं आणि गोंदाचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही ने. टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांची तपासणी करून चिठ्ठी घेतलीस तर पुढे ठाण्याला किंवा जे.जे.ला तुझी धावपळ कमी होईल.

आणखी एक तिसरी तऱ्हा आहे, ती डॉक्टरांनी तुला कदाचित सांगितली नसेल. गोंदही नाही, टाकेही नाहीत. मांस काढल्यावर तिथं थोडं रक्त पाझरतंच, त्या रुग्णाच्याच रक्तावर तुकडा ठेवतात आणि ते गोठेपर्यंत दाबून धरतात. २०१० मध्ये डी विट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा डोळ्यांवर हे करून छापलं, आणि आपल्या देशात जिथं गोंद परवडत नाही तिथं बऱ्याच ठिकाणी ही पद्धत उचलली गेली. खर्च शून्य, बाहेरचं काहीच नाही. पण तिन्हींत सुटायची भीती हिच्यातच जास्त, आणि डोळे चोळणाऱ्या बाईला मी ती सुचवणार नाही.

तारखेचं बोलू. झोडणी आटोपली, भात कणगीत गेलं, आता मोकळी आहेस म्हणतेस. याच्यासारखी वेळ नाही. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा लागते. तिच्या आधी निदान महिनाभर ऑपरेशन झालं पाहिजे, नाहीतर यंदाची जत्रा सोड. त्या धुळीत आणि गर्दीत ताज्या डोळ्यानं जायचं नाही. राब भाजायला लागाल तोवर थेंबही संपलेले असतील. आवणीच्या तोंडावर मात्र कुणी कितीही म्हटलं तरी करू नकोस. चिखलाचं पाणी डोळ्यात उडालं आणि जंतू गेले तर गोंद काय नि टाके काय.

ऑपरेशनचं भय घेऊ नकोस. पूर्ण भूल देत नाहीत. थेंब घालून, डोळ्याच्या बाजूला एक सुई देतात, ती टोचते तेवढीच. मग वर दिवा दिसतो, माणसं बोलताना ऐकू येतात. अर्धा-पाऊण तास. आदल्या दिवशी साखर आणि रक्तदाब तपासतील. रक्त पातळ करायची गोळी घेत असशील तर आधी सांग, मनानं बंद करू नकोस. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की आरशात बघून घाबरशील. डोळा लालभडक दिसतो, तुकडा सुजलेला आणि त्याच्याखाली रक्त साकळलेलं. ते तसंच असतं, आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. घाबरायचं ते वेगळं. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, नजर धूसर झाली, पू आला, किंवा तुकडा एका कडेनं गुंडाळल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी निघायचं. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. लवकर गेलं तर सुटलेला तुकडा पुन्हा बसवता येतो, टाके घालूनही.

थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर लावून ठेव. स्टेरॉइडचा थेंब सुरुवातीला दिवसातून बऱ्याच वेळा असतो आणि पुढे आठवड्या-आठवड्यानं कमी होत जातो. मधेच सोडलास तर सूज उसळते आणि मांस परत यायला वाट मिळते. उलट, संपल्यावर “मागच्या वेळी गुण आला होता” म्हणून मेडिकलमधून तीच बाटली चिठ्ठीशिवाय आणून वर्षभर घालणारी माणसं मी पाहिलीत. त्यांचं मांस परत आलं नाही, काचबिंदूनं नजर गेली. तुझ्या बाबतीत तर आईचं रक्त आहे. बाटली संपली की फेकून दे.

डोक्यावरून आंघोळ नाही, मानेखालून कर. केस धुवायचेच तर पोरीला सांग, मागे डोकं करून, डोळ्यावर झाकण ठेवून. काजळ महिनाभर नाही. चूल सासूबाईंकडे किंवा गॅसवर. जड पाटी, हंडे उचलणं पंधरा दिवस बंद. आणि काळा चष्मा, हा नंतर कायमचा. महागाचा नको, पण अतिनील किरणं अडवणारा असं लिहिलेला घे, आणि कडेनं ऊन न शिरणारा. त्याच्यावर रुंद काठाची टोपी किंवा इरलं. गावात हसतील. मांस परत यायचंच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत ते डोकं वर काढतं, म्हणून निदान वर्षभर तरी चष्म्याला सुट्टी नाही आणि तपासणीला खाडा नाही.

मध्येच एक सांगून ठेवते, घरात बोलणं होईल म्हणून. डोळ्याला गोंद लावतात हे ऐकून फेविक्विकची नळी कुणी जवळ आणू नये. तो गोंद वेगळ्याच जातीचा, सायनोॲक्रिलेट. त्याच्या वैद्यकीय भावंडाचा उपयोगही डोळ्यात करतात. भाताचं पातं लागून बुबुळावर जखम झाली, ती चिघळून बारीक भोक पडलं, तर डॉक्टर त्याचा एक ठिपका लावून वर मऊ लेन्स ठेवतात. पण ते तिथंच, त्यांच्याच हातानं. घरातली नळी औषधाच्या थेंबांच्या बाटल्यांशेजारी ठेवू नका, नजर कमी असलेली म्हातारी माणसं चुकून तीच डोळ्यात पिळतात. आणि तसं कधी झालंच तर पापण्या ओढून सोडवायच्या नाहीत, पाण्यानं धुवत धुवत दवाखान्यात न्यायचं.

गंमत म्हणजे सासूबाई ज्याला नवं खूळ म्हणतात ते ऑपरेशन नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या मांसाला अर्म म्हटलंय, त्याचे पाच प्रकार दिलेत, आणि आकड्यानं उचलून, दोरा ओवून, शस्त्रानं कसं कापायचं तेही सांगितलंय. नाकाकडच्या कोपऱ्याला इजा होऊ देऊ नये, ही ताकीदसुद्धा आहे. सासूबाईंना हे सांग, त्यांचा विरोध निम्मा होईल. उरलेल्या निम्म्याचं मी बघते.

आईची काचबिंदूची जुनी फाईल माझ्या कपाटात आहे. तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं तर मला रजा टाकावी लागेल, तेव्हा तारीख घ्यायच्या आधी फोन कर. सोमवार सोडून कुठलाही वार चालेल.